वारस बावीस, पण झाडू मारायला कुणी नाही! गावोगावचे जुने वाडे नेमके कशानं पडतात?

पावसाळा सुरू झाला की तालुक्या-तालुक्यातून एकाच छापाची बातमी येते. अमक्या गावात जुन्या वाड्याची भिंत कोसळली, सुदैवानं जीवितहानी नाही. तलाठी येतात, पंचनामा होतो, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. 'काय वाडा होता राव' म्हणून चार दिवस हळहळ होते. पुढच्या पावसाळ्यात उरलेली भिंत जाते.

खापर पावसावर फुटतं. पण याच वाड्यानं दीडशे-दोनशे पावसाळे अंगावर घेतलेले असतात. इतकी वर्षं जो पाऊस त्याला पाडू शकला नाही, तो आत्ताच कसा काय भारी पडला? याचं उत्तर शोधायला छपरावर चढायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ बघावा लागतो, आणि त्या घरातल्या चुलत्या-पुतण्यांचं एकमेकांशी बोलणं आहे का हे विचारावं लागतं.

खणावर उभं राहिलेलं घर

वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मोठा दरवाजा आणि दगडी भिंत येते. पण वाड्याचा खरा सांगाडा लाकडाचा असतो. जमिनीवर दगडी उथळं, त्यावर सागवानी खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि जुनी माणसं घर खणांतच मोजायची. 'पाच खणी सोपा', 'नऊ खणी घर' हे शब्द अजून ऐकू येतात. भिंती या सांगाड्याच्या भोवतीनं रचलेल्या. खाली घडीव काळा दगड, वर भाजलेल्या विटा किंवा साधे मातीचे भेंडे. बऱ्याच घरांत छपराचं ओझं भिंतीपेक्षा खांबांवर जास्त असतं. म्हणून कधी कधी भिंत पडूनही छप्पर तसंच लटकत उभं दिसतं.

या सांगाड्याचा एक गुण आहे आणि तोच त्याचा दोषही. सगळे खण एकमेकांना धरून असतात. एक ढिला झाला की शेजारचा सैल होतो. हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

पुण्याचा शनिवारवाडा बघितलेल्यांना आठवत असेल, आत फक्त जोती उरली आहेत. १७३० साली पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत गेला. लाकूड होतं ते सगळं जळालं. दगडी तट, दरवाजे आणि जोती राहिली. वाड्यात लाकूड किती आणि दगड किती, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

उलट उदाहरण वाईजवळच्या मेणवलीचं. नाना फडणवीसांचा तिथला वाडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. एकामागून एक चौक, मागच्या अंगाला कृष्णेवरचा घाट, घाटावर देवळं आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा. २००४ च्या 'स्वदेस' सिनेमात हा घाट देशभर पोचला. आज सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्या लावायला जागा मिळत नाही. हा वाडा आजवर उभा आहे याला थोरपण कारण नाही. नानांसारख्याच तोलामोलाच्या कितीतरी सरदारांचे वाडे आज बाभळीखाली गेलेत. मेणवलीला कुणीतरी राहत होतं, बघत होतं, गळकी जागा वेळेत बुजवत होतं, हे खरं कारण.

चूल विझली की वाळवी येते

राबतं घर टिकतं, हे म्हातारी माणसं उगाच म्हणत नाहीत. चुलीचा धूर रोज कडीपाटावर जायचा, त्यानं लाकूड काळं पडायचं, पण भुंगा आणि वाळवी लांब राहायची. सारवण करताना बाईच्या हाताला भिंतीची पहिली भेग लागायची आणि ती तिथल्या तिथं लिंपली जायची. पाऊस तोंडावर आला की माळवदावर चढून पांढरी माती पसरायची, चोपायची, पन्हाळं मोकळी करायची. कौलारू घर असलं तर शाकारणी. ही कामं कुणी 'जतन' म्हणून करत नव्हतं. घर म्हटलं की ती आलीच.

घराला कुलूप लागलं की हे सगळं एकदम थांबतं. पन्हाळात पालापाचोळा अडकतो, पाणी माळवदावर साचतं, तिथून तुळईच्या टोकाला जातं. भिंतीत गाडलेलं तुळईचं टोक हीच वाड्यातली सगळ्यात नाजूक जागा. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण इथं शब्दशः खरी ठरते. भिंतीच्या वरच्या कडेला पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो. पहिल्या वर्षी तो दोन बोटांनी उपटता येतो. पाचव्या वर्षी त्याची मुळं दगडाच्या सांध्यात उतरलेली असतात आणि तेव्हा ओढून काढला तर भिंतीचा तुकडाच हातात येतो.

दगडी भिंतही वाटते तेवढी एकसंध नसते. बहुतेक ठिकाणी आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये माती-गोट्यांचा भराव. वरून पाणी आत शिरलं की भराव फुगतो आणि बाहेरच्या थराला ढकलतो. भिंतीला पोट आलंय असं गवंडी म्हणतात ते हेच. पोट आलेल्या भिंतीजवळ जनावर बांधू नये आणि पोरांना खेळू देऊ नये. ती पडताना आवाज करून पडत नाही.

इथं किल्लारीची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंपानं हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक जाड दगडी भिंती आणि माळवदाखाली सापडली. तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाच्या घराची धास्ती बसली आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण नंतर तज्ज्ञांनी घरं तपासली तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दरवर्षी वर नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, यामुळे छपराचं ओझं पिढ्यानपिढ्या वाढत गेलं होतं. दुसरं म्हणजे भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड पुरेसे नव्हते. पुढं तिथं घरं मजबूत करायचा कार्यक्रम झाला, त्यात माळवदावरची माती कमी करणं, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवणं, खांब आणि तुळईच्या कोनात आडवे आधार ठोकणं ही कामं सांगितली गेली. म्हणजे जुनं घर धोक्याचं असतं हे खरं, आणि तो धोका कमी करता येतो हेही खरं. माळवदावर वीतभरापेक्षा जास्त माती साचली असेल तर ती उतरवणं हे आजही पहिलं काम आहे. मात्र ते खाली टेकू लावून, थोडं थोडं करून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावं.

ओसरी एकाची, माजघर दुसऱ्याचं, जिना सगळ्यांचा

आता मूळ दुखण्याकडे.

समजा, पणजोबांनी वाडा बांधला. आजोबांच्या पिढीत तीन भाऊ, वडिलांच्या पिढीत आठ जण, आज वारस मोजायला बसलं तर बावीस. काही पुण्या-मुंबईला, एखादा परदेशात, दोघे-तिघे गावात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी घरगुती वाटणी झालेली असते, तीही तोंडी. पुढची ओसरी एकाला, माजघर दुसऱ्याला, माडी तिसऱ्याला. जिना, आड, दिंडी दरवाजा सामाईक. छप्पर कुणाचं? यावर तेव्हा कुणी विचारच केला नाही. माडीवाला म्हणतो, गळतंय खालच्याला, त्यानं करावं. खालचा म्हणतो, छप्पर तुझ्या डोक्यावर, माझ्या नाही. दोघांचंही बरोबर आणि वाडा मात्र भिजत राहतो.

त्यात कुणी एकानं आपल्या वाटणीचे दोन खण पाडून तिथं स्लॅबचं घर उठवलं की उरलेल्या सांगाड्याचा एका बाजूचा आधार जातो. सामाईक भिंत उघडी पडते. जी बाजू कधी पावसात भिजायची नव्हती, ती भिजायला लागते. घर बांधणाऱ्याचा यात दोष काढणं सोपं आहे, पण लेकरं घेऊन गळक्या घरात राहणाऱ्यानं किती दिवस वाट बघायची?

कागदावर हा घोळ आणखी वाढतो. गावात अजून पुष्कळांना वाटतं की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव आहे म्हणजे मालकी आहे. तसं नाही. नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. घरपट्टी कुणी भरायची एवढंच ते सांगतं. शेताला सातबारा असतो तसा गावठाणातल्या घराला नसतो. तिथं मिळकत पत्रिका लागते आणि बऱ्याच लहान गावांत गावठाणाची मोजणीच झालेली नव्हती.

ही अडचण सुटायला सुरुवात झाली ती ड्रोन मोजणीनं. या मोजणीचा राज्यातला पहिला प्रयोग झाला पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत. योगायोग असा की सोनोरी हे तोफखान्याचे सरदार पानसे यांचं गाव, वर मल्हारगड आणि गावात बुरुजांचा वाडा. पुढं २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावोगाव ड्रोन फिरले, मिळकत पत्रिका निघायला लागल्या. जुन्या वाड्याच्या बाबतीत इथंच डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. चौकशीच्या वेळी गावात जो हजर, त्याचं नाव लागतं आणि बाकीच्यांना पत्ता नसतो, असं होऊ शकतं. उलट कधीतरी वारलेल्या आजोबांचंच नाव राहतं. पत्रिका निघाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून तिची नक्कल काढून नावं तपासावीत आणि वारस नोंद राहिली असेल तर अर्ज द्यावा. भांडण नसताना हे काम सोपं असतं. भांडण लागल्यावर दहा वर्षं जातात.

बहिणींचा विषय गावात अजून दबक्या आवाजात निघतो. कायदा मात्र स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वाद होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तशी अट नाही असं सांगून तो मिटवला. वाड्यासाठी आणखी एक बारकावा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. जुन्या कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घरात पुरुष वारस जोवर वाटणी मागत नाहीत तोवर मुलींना वाटणी मागता येत नव्हती. २००५ च्या दुरुस्तीत हे कलमच काढून टाकलं. त्यामुळे 'घर हे पोरांचंच' हे वाक्य आता पारावर चालेल, कोर्टात चालणार नाही. बहिणीनं आपखुशीनं हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं. साध्या कागदावरची सही किंवा भाऊबीजेला दिलेला शब्द पुरत नाही.

एखाद्याला आपला हिस्सा विकायचाच असेल तर त्याच कायद्याचं कलम २२ इतर वारसांना आधी घेण्याचा हक्क देतं. हे कलम कधी लागू पडतं हे प्रत्येक कुटुंबात वेगळं असू शकतं, म्हणून वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं. पण परका माणूस वाड्याच्या मधोमध घुसण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसायला हा एक चांगला निमित्ताचा धागा आहे.

काही घरांनी यावर साधा तोडगा काढलेला दिसतो. मालकी सगळ्यांची तशीच ठेवायची, पण डागडुजीसाठी गावातल्या एकाला किंवा दोघांना सगळ्यांनी मिळून मुखत्यार नेमायचं. वर्षाचा खर्च हिश्शाप्रमाणे. हिशेब व्हॉट्सॲप ग्रुपवर. वाटणीचा मोठा प्रश्न सुटेपर्यंत छप्पर तरी कोरडं राहतं.

नक्षीचा खांब निघाला की

वाडा रिकामा आहे हे घरच्यांच्या आधी कुणाला कळत असेल तर ते जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला. टेम्पो येतो. नक्षीचा दरवाजा, गणेशपट्टी, सुरूच्या आकाराचे खांब, पितळी कड्या, फडताळाची दारं, सगळ्याला भाव मिळतो. हे लाकूड शहरातल्या हॉटेलात, रिसॉर्टमध्ये, मुंबईच्या चोरबाजारात पोचतं. गावात ज्या दराला विकलं आणि तिथं ज्या दराला गेलं त्यात किती फरक असतो, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही. तोटा तेवढाच नसतो. खांब निघाला की खण बसतो, आणि खण बसला की शेजारचा सैल होतो. पुढच्या पावसात जी भिंत 'आपोआप' पडते, तिची तयारी त्या टेम्पोनं करून ठेवलेली असते.

आपल्या घरातली वस्तू देशात विकायला कायद्यानं सरसकट बंदी नाही. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू, आणि त्यात इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही येते, देशाबाहेर नेता येत नाही. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. व्यापारी दारात आला की आधी तो परवाना मागून बघावा. बरेच टेम्पो तिथूनच वळतात. आणि सामाईक वाड्यातला खांब एकट्यानं विकला तर बाकीचे वारस हरकत घेऊ शकतात, हेही विसरू नये.

व्यापाऱ्यापेक्षा वाईट पाहुणा म्हणजे गुप्तधन शोधणारा. पडका वाडा आणि त्यातलं तळघर दिसलं की कुणीतरी हंड्याची गोष्ट सांगतो आणि अमावास्येला कुदळी चालतात. बहुतेक वाड्यांत जमिनीखाली जे सापडतं ते पेव किंवा बळद असतं, म्हणजे धान्य साठवायची जागा. त्यात सोनं नसतं, फार तर जुन्या ज्वारीची राख असते. पण खोदणाऱ्यानं जोतं उकरलेलं असतं आणि जोतं हलल्यावर वरचं काहीच जाग्यावर राहत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! कायदा इंग्रजांच्या काळातला, रक्कमही तीच राहिली. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो आणि त्यात तुरुंगवास आहे. मराठवाडा-विदर्भातल्या गढ्यांना दुसराच रोग. तिथं पांढरी माती शेतात टाकायला, घर लिंपायला ट्रॉलीनं नेली जाते, आणि बुरूज पायथ्यापासून पोखरला जातो.

सिमेंटचं प्रेम महागात पडतं

डागडुजी करणाऱ्यांचाही घात होतो, तो सिमेंटनं. भिंत झिजली, ओल दिसली की गवंडी सिमेंटचा गिलावा मारतो. वर्षभर घर चकाचक दिसतं. जुनी भिंत मातीची किंवा चुन्याची असते. ती ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि ती सापडते लाकडाच्या टोकाशी किंवा भिंतीच्या वरच्या भागात. दोन-तीन वर्षांत गिलाव्याला फुगे येतात, पांढरं मीठ फुटतं आणि मग गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, जाताना मूळ विटेचा थर घेऊन.

चुन्याला चुनाच लागतो. चुनकळी पाण्यात विरवायची, ती नीट मुरू द्यायची, मग वाळूबरोबर घाणीत मळायची. घाणी म्हणजे गोल चरातून फिरणारं दगडी चाक. गावाबाहेर, देवळामागं अशी मोडकी घाणी अजून बऱ्याच ठिकाणी पडलेली दिसते. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, वाख असं काही काही घालायचे, ज्यानं त्यानं आपल्या भागात मिळेल ते. हे काम येणारे गवंडी कमी झालेत पण संपले नाहीत. किल्ल्यांच्या आणि जुन्या देवळांच्या दुरुस्तीची कामं जिथं चालू असतात, तिथं ते सापडतात. मातीच्या भिंतीला मातीच लिंपावी, हा नियम तर त्याहून सोपा आणि स्वस्त.

पुरातत्त्व खात्याची भीती खरी किती?

'पुरातत्त्ववाले आले की स्वतःच्या घरात खिळा मारता येत नाही,' असं पारावर ऐकू येतं. यात थोडं खरं, बरंच चुकीचं. घर शंभर वर्षांचं झालं म्हणून ते आपोआप संरक्षित होत नाही. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते. आधी प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम. राज्यात अशी तीनशेहून जास्त स्मारकं आहेत. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा, चांदवडचा अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल ही त्यातली नावाजलेली. घर संरक्षित झालं म्हणजे मालकी गेली असंही नाही, पण बदल करायला परवानगी लागते हे खरं. शंभर मीटरच्या आत बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी, हा नियम केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना लागतो. त्या शंभर मीटरच्या आतही जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते.

गावातले शंभरातले नव्याण्णव वाडे या कुठल्याच यादीत नाहीत आणि येण्याची शक्यताही कमी. त्यामुळे सरकार येईल आणि बांधून देईल या आशेवर बसणं म्हणजे पाऊस मोजत बसण्यासारखं आहे. संस्थांना स्मारक दत्तक देण्याची 'महाराष्ट्र वैभव' योजना आहे, नळदुर्ग किल्ल्यावर तिचा उपयोग झाला. पण ती राज्य संरक्षित स्मारकांसाठी. खासगी वाड्याला त्यातून काही मिळत नाही. त्याला थोडा हातभार लागू शकतो तो पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेचा किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा. राहण्याजोगा एखादा सोपा, स्वच्छ संडास आणि घरचं जेवण एवढ्यावर पाहुणे येतात, पण त्यासाठी गाव रस्त्याला असावं लागतं. प्रत्येक वाड्याचं हॉटेल होणार नाही, आणि व्हायलाही नको.

जपायला वाडा सरदाराचाच हवा असंही काही नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाई फुले यांचं जन्मघर बघायला लोक लांबून येतात. ते घर एका पाटलाचं, शेतकरी कुटुंबाचं. जातं, चूल, कणगी कुठं असायची हे तिथं पोरांना दाखवता येतं. बारा बलुतेदारांची घरं मात्र कुणी जपलीच नाहीत. कुंभाराचा आवा, सुताराचा कारखाना, तेल्याची घाणी ज्या घरांत होती ती सगळ्यात आधी गेली, कारण ती मातीची होती आणि मालक गरीब होता.

भिंतीआधी दप्तर वाचवा

वाडा पडताना एक गोष्ट गुपचूप जाते, ती म्हणजे कागद. माडीवरच्या पेटीत, कोनाड्यात, कापडात बांधलेले मोडी कागद. रद्दीत जातात, नाहीतर बंबात. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' चा जो पहिला खंड काढला, तो वाईत एका घरात मिळालेल्या कागदांवर उभा होता. पानिपताची कितीतरी पत्रं त्यातून उजेडात आली. मेणवलीच्या वाड्यातल्या नानांच्या दप्तरानं तर पेशवाईच्या उत्तरार्धाचा इतिहासच लिहायला घेतला. आपल्या पेटीत पानिपत निघेलच असं नाही. पण गावच्या पाण्याचा वाटा, देवस्थानाची जमीन, कुठल्या सालच्या दुष्काळात कुणी धान्य वाटलं, हे निघू शकतं. जमिनीच्या वादात असा एखादा कागद आजही कामाला येतो. कागद ऊन न लागता कोरडे ठेवावेत, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नयेत आणि मोबाईलवर प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो काढावा. वाचून घ्यायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग केलेली तरुण मुलंही आता बऱ्याच तालुक्यांत भेटतात.

मोबाईलचा आणखी एक उपयोग. वाडा वाचणार नाही असं दिसत असेल तरी त्याची नोंद वाचू शकते. दिंडी दरवाजापासून परसापर्यंत न थांबता एक व्हिडिओ, प्रत्येक खोलीचे चारी कोपरे, टेपनं खणांची मापं. सोबत घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला घेऊन फिरावं. बाळंतिणीची खोली कुठली, धान्य कुठं, लग्नाचा मांडव कुठपर्यंत यायचा, हे तिलाच माहीत असतं. गड्यांच्या आठवणीत बैठक आणि दरवाजा असतो, घर नसतं.

आणि ज्यांना वाडा वाचवायचाच आहे, त्यांनी कामाचा क्रम उलटा करू नये. रंग, दरवाजाची पॉलिश, दर्शनी कमान हे सगळं शेवटी. आधी पाणी. पन्हाळं मोकळी करणं, छपराचं एकेक भोक बुजवणं, जोत्यापासून पाणी लांब जाईल असा चर काढणं, भिंतीवरची झाडं खोडाशी कापणं. दुसरा नंबर टेकूंचा, जिथं तुळई वाकलीय तिथं. पोट आलेली भिंत पूर्ण उतरवून तेच दगड वापरून परत रचता येते, फक्त उतरवायच्या आधी दगडांवर खडूनं नंबर टाकावेत आणि फोटो घ्यावेत. ग्रामपंचायतीनं धोकादायक म्हणून नोटीस दिली असेल तर ती फाडून टाकू नये. लेखी उत्तर द्यावं, कोणता भाग उतरवतोय आणि कोणता टेकू देऊन ठेवतोय हे लिहावं. इमारतीच्या अभियंत्याचा दाखला जोडला तर उत्तम. माणसं राहत असतील तर मात्र त्यांना आधी हलवावं, वाडा नंतर.

चुन्याचं काम दिवाळीनंतर धरावं लागतं. फार कडक उन्हात चुना तडकतो आणि पावसात धरत नाही. म्हणजे चुनकळी दसऱ्याच्या आसपास आणून विरवायला घातली पाहिजे, आणि त्यासाठी बावीस वारसांची वर्गणी गणपतीला सगळे गावी आलेले असतानाच गोळा झाली पाहिजे.